पंख फुटलेल्या नौका आणि आपला किनारा

फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील ले साब्ल-दोलोन या छोट्याशा बंदरात १४ जानेवारी २०२५ रोजी चार्ली दालँ हा दर्यावर्दी पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून परतला. तो एकटा होता, वाटेत कोठेही थांबला नव्हता आणि कोणाची मदतही त्याने घेतली नव्हती. दर चार वर्षांनी होणाऱ्या ‘व्हाँदे ग्लोब’ या शर्यतीचे नियमच तसे आहेत. या प्रवासास त्याला ६४ दिवस आणि १९ तास लागले. यापूर्वीचा विक्रम ७४ दिवसांचा होता. एखादा विक्रम काही मिनिटांनी किंवा काही तासांनी मोडला गेला तर त्याचे श्रेय खेळाडूला देऊन आपण मोकळे होतो. परंतु विक्रम एकदम नऊ दिवसांनी मोडतो तेव्हा केवळ माणूस बदललेला नसतो, त्याच्या हातातील साधन बदललेले असते. हे साधन म्हणजे नौकेच्या दोन्ही कुशींतून पाण्यात वाकलेले कर्बतंतूंचे पंख. इंग्रजीत त्यांना फॉइल म्हणतात. आपण त्यांना जलपंख म्हणू. या पंखांवर तोलली जाऊन आठ-नऊ टनांची नौका पाण्यावर उचलली जाते आणि लाटांना जेमतेम स्पर्श करीत धावू लागते.

हजारो मैलांवरच्या या घटनेची दखल मुंबईकर वाचकाने का घ्यावी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर या शहराच्या इतिहासात आहे, आणि काही अंशी त्याच्या भविष्यातही आहे.

मुंबईत बांधलेली नौका

ज्या पराक्रमाची ही पन्नास-पंचावन्न वर्षांनंतरची आवृत्ती, तो मूळ पराक्रम करणारी नौका मुंबईत बांधली गेली होती. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तरुण इंग्रज अधिकारी साठच्या दशकात ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या जहाजांवर होता. त्याने येथील सुतारांकडून, येथल्याच सागवानातून ३२ फुटांची दोन डोलकाठ्यांची नौका बांधून घेतली आणि तिला ‘सुहेली’ हे अरबी खलाशांच्या बोलीतील एका वाऱ्याचे नाव दिले. १४ जून १९६८ रोजी तो तिच्यातून फालमथ बंदरातून निघाला व २२ एप्रिल १९६९ रोजी तेथेच परतला. एकट्याने, कोठेही न थांबता केलेली ती जगातील पहिली पृथ्वीप्रदक्षिणा. शर्यतीत उतरलेल्या नऊ जणांपैकी ती पुरी करणारा तो एकटाच होता. त्याला ३१२ दिवस लागले. सरासरी काढली तर ‘सुहेली’ ताशी चार सागरी मैलांच्या आसपास, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसापेक्षा जरा अधिक वेगाने, सारे जग फिरून आली.

मुंबईच्या सुतारांना हे कौशल्य आकाशातून मिळाले नव्हते. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून येथे आले, तेव्हापासून या बंदरात सागवानी जहाजे बांधण्याची परंपरा उभी राहिली. १८१७ मध्ये येथे बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडमधील हार्टलपूल येथे अजून पाण्यावर तरंगत आहे. ज्या ‘कॉर्नवॉलिस’ जहाजावर १८४२ मध्ये इंग्रजांनी चीनशी नानकिंगचा तह केला, तेही मुंबईचेच अपत्य.

या परंपरेचा धागा मध्यंतरी तुटला आणि आपल्या काळात पुन्हा जोडला गेला तो एका मराठी माणसाच्या हट्टामुळे. १९७१ च्या युद्धात वीरचक्र मिळवणारे व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णी गावी राहत. समुद्रापासून इतक्या दूर बसून त्यांनी एकच ध्यास घेतला होता: भारतीयाने भारतात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून एकट्याने जग फिरून यावे. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ ही ५६ फुटांची नौका तयार झाली. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी ती घेऊन मुंबईहून निघाले, वाटेत चार बंदरे घेऊन १९ मे २०१० रोजी मुंबईस परतले आणि एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. त्यांनी या प्रवासाचे धडे घेतले ते ‘सुहेली’च्या नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे. अशा रीतीने मुंबईतून निघालेली विद्या इंग्लंडला वळसा घालून मुंबईस परत आली. त्याच ‘म्हादेई’तून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता प्रदक्षिणा केली. त्याच कारखान्यातील ‘तारिणी’ने २०१७-१८ मध्ये नौदलातील सहा महिला अधिकाऱ्यांना आणि २०२४-२५ मध्ये आणखी दोघींना जगाभोवती फिरवून सुखरूप आणले. ११ सप्टेंबर २०२५ रोजी तिन्ही सेनादलांतील दहा महिला अधिकाऱ्यांची ‘त्रिवेणी’ गेटवे ऑफ इंडियाहून निघाली. म्हणजे दीर्घ पल्ल्याच्या शिडाच्या प्रवासात आपण आता अगदीच नवशिके राहिलेलो नाही. यास्तव जगातील या क्षेत्राने अचानक कूस बदलली असताना आपण कोठे उभे आहोत, हे पाहणे अवश्य आहे.

पाण्यातील पंख

जलपंखाची कल्पना नवी नाही. एन्रिको फोर्लानिनी या इटालियन अभियंत्याने १९०६ मध्ये माज्जोरे सरोवरावर पंखांवर उचलली जाणारी यंत्रनौका चालवली होती. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याच्या अशाच नौकेने १९१९ मध्ये ताशी ११४ किलोमीटरचा वेग गाठला होता. तत्त्व विमानाच्या पंखाचेच. पंखाच्या आकारामुळे व कोनामुळे वाहता प्रवाह खाली वळतो आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून पंख वर उचलला जातो. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट असल्याने विमानाला जेथे मोठे पंख लागतात तेथे नौकेला लहानसे पुरतात. शिवाय वेग दुप्पट झाला की उचलणारा जोर चौपट होतो.

पाण्यात बसून जाणाऱ्या नौकेचे दुखणे असे की, ती वेग घेऊ लागली म्हणजे स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. पुढच्या नाळेशी एक लाट, मागे दुसरी, आणि मधल्या दरीत नौका. वेग वाढवावा तशी ही दरी लांबत जाते, आणि तिची लांबी नौकेच्या लांबीएवढी झाली की पुढची लाट चढून जाणे हे डोंगर चढण्यासारखे होऊन बसते. म्हणूनच आखूड नौका मंद आणि लांब नौका वेगवान, हा दर्यावरील जुना कायदा होता. जलपंखाने तो मोडला. नौका पाण्याबाहेर आली की लाटही नाही आणि दरीही नाही. शिवाय शिडाची नौका वाऱ्याने कलते तेव्हा कललेल्या बाजूचा पंख तिला खालून टेकू देतो, त्यामुळे अधिक शीड सोसता येते. एकाच साधनाने दोन कामे होतात.

तथापि तत्त्व ठाऊक असणे आणि ते महासागरात पेलणे यांत पाऊणशे वर्षांचे अंतर पडले. सरोवराचे पाणी शांत असते. दक्षिण महासागरात घराएवढ्या लाटा येतात आणि पंखावर येणारा ताण लाकूड किंवा साधे धातू सोसू शकत नाहीत. १९८० मध्ये एरिक ताबार्ली याने ‘पॉल रिकार’ या पंखांच्या त्रिकुक्षी नौकेतून अटलांटिक पार करून १९०५ पासून अबाधित असलेला विक्रम मोडला, तेव्हा या वाटेवरचा पहिला मैलाचा दगड रोवला गेला. पुढे कर्बतंतूंच्या रचना आणि संगणकावरील आराखडे आले. २०१३ च्या अमेरिका चषकात सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरावर अवाढव्य नौका पाण्याबाहेर उडताना जगाने पाहिल्या. २०१६ च्या व्हाँदे ग्लोबमध्ये २९ पैकी सातच नौकांना असे पंख होते, पण पहिले चारही क्रमांक त्यांनीच घेतले. २०२४ मध्ये निम्म्याहून अधिक नौका पंखांच्या होत्या, आणि बिनपंखांच्या नौकांतील पहिलीला दालँपेक्षा जवळजवळ तीन आठवडे अधिक लागले. त्याच शर्यतीत सेबास्तियाँ सिमाँ याने चोवीस तासांत ६१५ सागरी मैल कापले. मुंबईहून दिल्लीला विमान जेवढे अंतर जाते तेवढे अंतर एका माणसाने एका दिवसात केवळ वाऱ्याच्या बळावर काटले, असा याचा अर्थ. ही सामान्य गोष्ट नव्हे. इंधनाचा थेंबही न जाळता साधलेल्या या वेगाकडे तुच्छतेने पाहणे हे जुन्याच्या प्रेमापोटी आलेले आंधळेपण ठरेल.

दर्यावर्दीपणाची कसोटी

परंतु यातून काही गंभीर प्रश्न उभे राहतात. पहिला प्रश्न खेळाच्या स्वरूपाचा आहे. शर्यत कोणाची? माणसाची, आराखडा काढणाऱ्याची, की पुरस्कर्त्याच्या तिजोरीची? नव्या जलपंखी नौकेला अनेक दशलक्ष युरो लागतात आणि नुसत्या पंखांच्या एका जोडीची किंमतही लाखांत जाते. ज्याच्यामागे मोठी कंपनी उभी आहे तोच पहिल्या दहांत येणार, हे शर्यत सुरू होण्यापूर्वीच ठरू लागले तर त्या शर्यतीत साहस उरते, पण अनिश्चितता उरत नाही. आणि अनिश्चितता हाच कोणत्याही खेळाचा प्राण होय.

अर्थात समुद्र इतका सहजासहजी कोणाच्या हिशेबात बसत नाही. २०२०-२१ च्या शर्यतीत पंख पूर्वीपेक्षा मोठे होते, तरी विजेत्या यानिक बेस्ताव्हाँला ८० दिवस लागले, म्हणजे चार वर्षांपूर्वीच्या वेळेपेक्षा अधिकच. त्या वेळी जाँ ल काम हा साठी ओलांडलेला दर्यावर्दी २००७ साली बांधलेल्या बिनपंखांच्या नौकेतून आला व चौथा ठरला. वाटेत त्याने, लाटेच्या माऱ्याने दुभंगलेल्या नौकेतून लहान तराफ्यावर उतरलेल्या केव्हँ एस्कोफिए याला मध्यरात्री शोधून वाचवले होते. जुनी नौका, पांढरे केस आणि मुरलेला अनुभव यांनी कोट्यवधींच्या पंखांना मागे टाकले. २०१६ मध्ये अॅलेक्स थॉमसनचा एक पंख पाण्यातील कशावर तरी आदळून तुटला, तरी तो दुसरा आला. सिमाँचाही एक पंख विक्रमानंतर लवकरच तुटला आणि तरीही त्याने तिसरा क्रमांक सोडला नाही. याचा अर्थ पंख निरुपयोगी आहेत असा नव्हे. पंख माणसाची जागा घेऊ शकत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

शरीरावर होणारा परिणाम हा दुसरा प्रश्न. उचललेली नौका लाटेच्या माथ्यावरून सुटून खाली कोसळते तेव्हा आतील माणूस भिंतीवर आदळतो. म्हणून हे दर्यावर्दी शिरस्त्राण घालतात, बंदिस्त कोठडीत बसतात आणि समुद्राकडे पुष्कळदा पडद्यावरून पाहतात. ज्या वाऱ्याशी खेळायला माणूस घर सोडून निघाला त्या वाऱ्याचा स्पर्शही त्याला होऊ नये, ही यातील विसंगती अनेक जुन्या दर्यावर्द्यांना खुपते.

याची प्रतिक्रिया म्हणून २०१८ मध्ये एक वेगळीच शर्यत सुरू झाली. ‘सुहेली’च्या प्रवासाला पन्नास वर्षे झाली त्या निमित्ताने ‘गोल्डन ग्लोब’चे पुनरुज्जीवन करण्यात आले. नौकेचा आराखडा १९८८ पूर्वीचा हवा, उपग्रहावरून वाट काढायची नाही, सूर्य-तारे पाहून सेक्स्टंटने जागा ठरवायची, असे तिचे नियम. अभिलाष टॉमी या शर्यतीत ‘सुहेली’च्याच आराखड्यावर गोव्यात बांधलेल्या ‘तुरीया’तून उतरले. २१ सप्टेंबर २०१८ रोजी हिंदी महासागरातील वादळाने नौका उलथली, डोलकाठ्या मोडल्या आणि त्यांच्या पाठीचा कणा जायबंदी झाला. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच गस्ती जहाजाने त्यांना उचलले. चार वर्षांनी तेच टॉमी पुन्हा त्याच शर्यतीत उतरले. १६ जण निघाले होते. मुख्य गटात तिघांनीच शर्यत पुरी केली. दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन न्यूशेफर पहिली आली आणि २९ एप्रिल २०२३ रोजी, २३६ दिवसांच्या प्रवासानंतर, टॉमी दुसरे. हा भारताच्या क्रीडा-इतिहासातील एक असाधारण दिवस होता, आणि तो आपण जितका साजरा करावयास हवा होता तितका केला नाही.

येथे जुन्याच्या भक्तांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. मंद नौका सुरक्षित असते, हा भ्रम आहे. टॉमींच्या नौकेला वादळापुढून पळता आले नाही, कारण तेवढा वेग तिच्यात नव्हता. उलट डिसेंबर २०२४ मध्ये दालँ आणि सिमाँ हे हिंदी महासागराच्या दक्षिण भागात एका मोठ्या वादळाच्या पुढे पुढे राहून निसटले, ते जलपंखांच्या जोरावर. वेग हाही एक प्रकारचा आसरा असतो. म्हणून जुने विरुद्ध नवे असा कौल मागण्यात अर्थ नाही. वेग कोणत्या नियमांत बसवायचा, हा खरा विचाराचा विषय आहे. आणि पंख वापरणाऱ्यांनीही तो केला आहे. या वर्गातील नौकांना एकसारख्या डोलकाठ्या व एकसारखे खालचे वजनी पाते सक्तीचे आहे. सुकाणूला आडवा पंख लावल्यास नौका अधिक स्थिरपणे उडाली असती. तरीही २०२४ च्या शर्यतीपर्यंत त्याला परवानगी नव्हती. विज्ञान जेवढे देऊ शकते तेवढे सारे घ्यायचे नाही, हे ठरवण्यालाच खेळ म्हणतात.

वेगाची किंमत कोणी द्यायची?

आता या विषयाची आपल्या किनाऱ्याशी जी गाठ पडते तिच्याकडे वळू. २७ जानेवारी २०२१ च्या रात्री बोरिस हेरमान हा जर्मन दर्यावर्दी शर्यतीच्या शेवटापासून अवघ्या ९० मैलांवर होता आणि त्याला पहिल्या तिघांत स्थान मिळण्याची शक्यता होती. अशा वेळी त्याची जलपंखी नौका एका मासेमारी जहाजावर आदळली. तो झोपेत होता. धोक्याचा इशारा देणाऱ्या यंत्रांनी काही सांगितले नाही, असे त्याने नंतर सांगितले. त्याचा पंख मोडला आणि तो पाचवा आला. जगाने हेरमानबद्दल हळहळ व्यक्त केली. पण त्या जागी पोलादी ट्रॉलर नसून वसई-उत्तनच्या कोळ्याची लाकडी होडी असती तर काय झाले असते? त्या होडीवरील माणसांच्या नावाची नोंद शर्यतीच्या कोणत्याही यादीत झाली नसती.

हा प्रश्न काल्पनिक नाही. जलपंख आता शर्यतीपुरते राहिलेले नाहीत. २०२४ च्या अखेरीस स्टॉकहोममध्ये तीस उतारूंची, विजेवर चालणारी जलपंखी बोट शहराच्या वाहतुकीत उतरली. ती ताशी २५ सागरी मैल धावते, तिच्या मागे लाट उठत नाही आणि पाण्याचे घर्षण टळल्याने वीजही पुष्कळ कमी लागते. ज्या शहराला तिन्ही बाजूंनी पाणी आहे आणि ज्याचे रस्ते तुंबले आहेत, त्या शहराला अशा बोटीचा मोह पडणे स्वाभाविक आहे. शीवचा १९१२ सालचा रेल्वेवरील पूल ऑगस्ट २०२४ मध्ये पाडण्यासाठी बंद झाला, तेव्हा धारावी, माटुंगा, कुर्ला या परिसरातील लोकांना एका पुलावर किती आयुष्ये अडकलेली असतात याचा दीर्घ अनुभव आला. पाण्यावरचा मार्ग अशा लोकांना सुटकेचा वाटल्यास नवल नाही.

परंतु मुंबई म्हणजे स्टॉकहोम नव्हे. आपल्या बंदरात एकाच वेळी तेलवाहू जहाजे, युद्धनौका, घारापुरीच्या लाँचा, मांडव्याच्या बोटी, रेतीचे पडाव आणि कोळ्यांच्या होड्या चालत असतात. १८ डिसेंबर २०२४ रोजी इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची वेगवान बोट घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या लाँचवर आदळली आणि १५ जणांचे प्राण गेले. त्या बोटीला पंख नव्हते. पण वेगवान आणि मंद वाहने एकाच पाण्यात बेशिस्तीने वावरली तर काय घडते, हे त्या दुपारी सर्वांनी पाहिले. शिवाय पाण्याखाली काय आहे ते वरून दिसत नाही. भरती-ओहोटीच्या प्रवाहात खुंटांना बांधून ठेवलेली डोलीची जाळी ही आपल्या किनाऱ्यावरील शतकांची रीत आहे. बोंबील आणि जवळा त्यांतच सापडतो. दीड-दोन मीटर खोल बुडालेला, धारदार पंख अशा जाळ्यातून गेला तर बोटही अडेल आणि कोळ्याचा हंगामही बुडेल. मिठी नदी शीव-धारावीच्या कडेने माहीमच्या खाडीत जे प्लॅस्टिक आणि जो कचरा ओतते, त्यातील एक पिशवी पंखाला गुंडाळली गेली तरी त्याचा उचलणारा जोर संपतो. म्हणजे जलपंखी बोट हवी असेल तर आधी पाणी स्वच्छ हवे. हा अडथळा नसून वरदानच मानावयास हवे, कारण नदी स्वच्छ करण्याचे जे कारण नागरिकांचे आरोग्य देऊ शकले नाही, ते कदाचित वेगाचा मोह देईल.

वेग आला की वाट कोणी द्यायची, या प्रश्नाचा निकाल आपल्याकडे बहुधा आधीच ठरलेला असतो. वरळीच्या कोळ्यांचे उदाहरण फार जुने नाही. किनारा मार्गाच्या पुलाच्या दोन खांबांत ६० मीटर अंतर ठेवलेले होते. त्यातून भरतीच्या लाटांत होड्या सुखरूप नेता येणार नाहीत, असे ते सांगत होते. त्यांना त्यासाठी दीर्घ काळ झगडावे लागले, पाण्यात होड्या आडव्या घालून काम रोखावे लागले. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये शासनाने हे अंतर १२० मीटर करण्याचे मान्य केले. कोळ्यांना समुद्राचे ज्ञान आहे, हे पहिल्याच दिवशी मान्य केले असते तर तो काळही वाचला असता आणि खर्चही. पाण्यावरील नवी वाहतूक आखताना हा धडा विसरला जाऊ नये.

शीव कोठे आखावी?

शीव या शब्दाचाच अर्थ सीमा असा आहे. इंग्रजांचे परळ बेट येथे संपे आणि खाडीपलीकडे पोर्तुगीजांची, पुढे मराठ्यांची झालेली साष्टी सुरू होई. जेरल्ड ऑन्जिअरच्या काळात येथील टेकडीवर बांधलेला लहानसा किल्ला ही सीमा राखण्यासाठीच होता. १८०५ मध्ये डंकनचा बांध पूर्ण होईपर्यंत मुंबईहून कुर्ल्यास जाणे म्हणजे होडीत बसणे होते. आज त्या टेकडीवर उभे राहिले की खाडी शोधावी लागते. दिसतात त्या इमारती, महामार्ग आणि थांबलेली वाहने. दोनशे वर्षांपूर्वी आपण पाण्याची वाट बुजवून जमिनीवर वेग मिळवला. तो वेग संपला तेव्हा पुन्हा पाण्याकडे पाहू लागलो. या दोन घटनांच्या मध्ये एक संपूर्ण विद्या आपल्या हातून निसटली, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही.

ती विद्या म्हणजे शिडाची विद्या. स्वातंत्र्यानंतर सरकारी कर्जांनी व अनुदानांनी होड्यांवर यंत्रे आली आणि कोळ्यांच्या जिवावरचे कष्ट कमी झाले. त्यांच्या पाठीवरचे वल्ह्याचे ओझे उतरले याबद्दल कोणी खंत करू नये. पण त्याबरोबर वारा वाचण्याची, शीड फिरवण्याची आणि पाण्याचा कल ओळखण्याची जी पिढीजात जाण होती ती जतन करण्याची कोणतीही व्यवस्था आपण उभी केली नाही. आज शिडाचे शिक्षण मुख्यतः सेनादलांत आणि काही मोजक्या क्लबांत मिळते. आपल्या दीर्घ प्रवासांची बहुतेक नावे गणवेशातील आहेत, हा योगायोग नव्हे. सेनादलांचे हे ऋण मोठे आहे. पण ज्या देशात दर्यावर्दी होण्यासाठी आधी सैनिक व्हावे लागते, त्या देशाची दर्याशी अजून खरी ओळख झालेली नाही असेच म्हणावे लागेल. फ्रान्समध्ये किनाऱ्यावरील गावागावांत मुले लहान होड्यांत बसून वारा शिकतात. त्या हजारोंतून एक दालँ निघतो. पंख नंतर येतात.

म्हणून जलपंखांच्या युगात भारताने काय करावे, याचे उत्तर एखादी महागडी नौका विकत घेऊन शर्यतीत उतरावे, असे असू शकत नाही. तसे केले तर छायाचित्रे निघतील, भाषणे होतील आणि चार वर्षांनी नौका गोदीत पडून राहील. पॅरिस येथे २०२४ मध्ये झालेल्या ऑलिम्पिकमध्ये शिडाच्या खेळाचे काही प्रकार जलपंखांवर खेळले गेले. आपले दोन्ही स्पर्धक मात्र बिनपंखांच्या साध्या एकट्याच्या नौकांच्या प्रकारात होते. यात कमीपणा नाही. साध्या नौकेवर पाया पक्का होतो. पण तो पाया दोघांचा न राहता दोन हजारांचा व्हावयास हवा. माहीम, वरळी, शीव-कोळीवाडा, वर्सोवा, उत्तन, अलिबाग, मालवण येथील शाळकरी मुलांना शिडाची लहान होडी हाताळायला मिळावी, यासाठी फार मोठा पैसा लागत नाही. एका जलपंखी नौकेच्या किमतीत अशा शाळांची रांग उभी राहील. महापालिका आणि राज्य शासन यांनी हे काम क्लबांच्या उदारतेवर सोडू नये.

दुसरे काम ज्ञानाचे आहे. खरगपूर आणि मद्रास येथील आयआयटींत नौकाबांधणीचे विभाग आहेत आणि गोव्यात ‘म्हादेई’ बांधणारे हात आहेत. जलपंखाचे शास्त्र हे कोणाचे गुपित नाही. त्याला लागते ती चिकाटी आणि चुकण्याची मोकळीक. आपल्या पाण्याला, आपल्या पावसाळ्याला आणि आपल्या जाळ्यांना जुळेल असा, गरज पडता वर उचलून घेता येईल असा पंख येथेच तयार होऊ शकतो. परदेशी बोट आणून ती मुंबईच्या पाण्यात बसवण्यापेक्षा मुंबईच्या पाण्यासाठी बोट घडवणे अधिक शहाणपणाचे. आवटींचा हट्ट हाच होता: नौका येथे बांधलेली हवी. त्या हट्टामुळे एका प्रवासाबरोबर एक कारखानाही उभा राहिला, हे विसरून चालणार नाही.

तिसरे काम नियमांचे. वेगवान बोटींसाठी बंदरात ठरलेल्या वाटा, वेगाची मर्यादा, रात्रीचे दिवे, जाळ्यांच्या जागांचे नकाशे, आणि हे सारे ठरवताना कोळ्यांच्या संस्थांना प्रारंभापासून जागा. नुकसान झाल्यावर भरपाईचे धनादेश वाटणे म्हणजे न्याय नव्हे. नुकसान होणार नाही अशी आखणी हा न्याय. व्हाँदे ग्लोबच्या चालकांनी आपल्या कोट्यवधींच्या खेळाला जर मर्यादा घालून घेतल्या, तर ज्या पाण्यावर हजारो कुटुंबांचे पोट आहे तेथे मर्यादा घालण्यात शासनाला संकोच वाटण्याचे कारण नाही.

‘सुहेली’ आणि दालँची नौका यांच्यामध्ये ५६ वर्षे आणि २४७ दिवसांचा फरक आहे. हे दिवस माणसाने बुद्धीने जिंकले, आणि त्याचा आनंद मानण्यात आपण कोणाच्या मागे राहू नये. परंतु मुंबईतील ज्या सुतारांनी ‘सुहेली’ घडवली त्यांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत आणि त्यांची नातवंडे शिडाला हात लावू शकत नाहीत. हे अंतर कोणत्याही पंखाने तुटणार नाही. ते तोडण्यासाठी ज्या सीमेवर आपण दोनशे वर्षांपूर्वी पाण्याकडे पाठ फिरवली, तेथूनच पुन्हा तोंड फिरवावे लागेल.